बैलगाड्याच्या बारीला दिल्लीची संमती का लागली?

चैत्र लागला की पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत यात्रांचा हंगाम सुरू होतो आणि गावाबाहेरच्या चढाच्या धावपट्टीवर, जिला त्या भागात ‘घाट’ म्हणतात, बैलगाड्यांच्या शर्यती भरतात. चार बैल जुंपलेला हलका लाकडी गाडा, त्याच्यापुढे उधळलेली घोडी, हवेत उडणारा भंडारा आणि भोंग्यावरून सेकंद पुकारणारा निवेदक. घाम पुसायला खिशातून रुमाल काढेपर्यंत एक बारी संपलेली असते. मे २०१४ ते डिसेंबर २०२१ अशी साडेसात वर्षे हे घाट कायद्याने बंद होते. त्या काळात गाडामालकांपासून यात्रा कमिटीपर्यंत सगळे एकच प्रश्न विचारत होते: यात्रा आपली, विधानसभा आपली, सरकार आपण निवडलेले, मग परवानगी द्यायला दिल्ली कशाला हवी?

प्रश्न बिनतोड वाटतो आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. पण ते नीट उलगडले, तर केंद्र आणि राज्य यांच्यातली अधिकारांची वाटणी जवळजवळ सगळीच समजते. शर्यत असावी की नसावी, बैलाला त्यात त्रास होतो की नाही, हा स्वतंत्र आणि गंभीर वाद आहे. या लेखाचा विषय त्याच्या आधी येणारा आहे: ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

अधिकारांचा सातबारा

कोणत्या विषयावर कायदा कोणी करायचा, हे राज्यघटनेचा २४६ वा अनुच्छेद आणि सातवी अनुसूची सांगते. या अनुसूचीत तीन याद्या आहेत. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, चलन, टपाल, अणुऊर्जा असे विषय केंद्रसूचीत आहेत आणि त्यांवर फक्त संसद कायदा करते. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, जमीन, बाजार, मद्य, ग्रामपंचायती आणि महापालिका हे राज्यसूचीतले विषय विधानमंडळाचे आहेत. तिसरी समवर्ती सूची. फौजदारी कायदा, विवाह आणि वारसा, कामगार, वीज, वने, शिक्षण अशा तिच्यातल्या विषयांवर दोघांनाही कायदा करता येतो. १९५० मध्ये घटना लागू झाली तेव्हा या याद्यांत अनुक्रमे ९७, ६६ आणि ४७ नोंदी होत्या. नंतरच्या दुरुस्त्यांनी त्या बदलत गेल्या.

ज्याने शेतीची वाटणी पाहिली आहे त्याला हे समजायला वेळ लागणार नाही. काही गट थोरल्याच्या नावावर, काही धाकट्याच्या, आणि विहीर सामाईक. विहिरीवर दोघांनीही मोटार बसवावी, दोघांनीही पाणी ओढावे, पण दोघांची एकाच वेळी अडचण झाली तर पाळी थोरल्याची, असे वाटणीपत्रातच लिहिलेले आहे. घटनेच्या वाटणीपत्रात थोरले घर केंद्राचे आहे. शिवाय कोणाच्याच नावावर न चढलेला तुकडा, म्हणजे तिन्ही याद्यांत नसलेला विषय, २४८ व्या अनुच्छेदाने केंद्राकडेच जातो. १९९४ मध्ये केंद्राने सेवाकर बसवला तो अशाच उरलेल्या अधिकारातून. अमेरिकेत नेमके उलट आहे; तिथे उरलेले सगळे राज्यांचे. एवढ्या एका फरकावरून आपल्या घटनेचा कल लक्षात येतो.

एकाच धावपट्टीवर किती नोंदी

आता पुन्हा घाटात येऊ आणि एकेक वस्तू कोणत्या यादीत बसते ते पाहू. यात्रा आणि बाजार ही राज्यसूचीतली २८ वी नोंद. खेळ आणि करमणूक ही ३३ वी. कोणी कडेला उभे राहून पैज लावत असेल तर पैजा आणि जुगार ही ३४ वी. बंदोबस्ताला आलेला हवालदार पहिल्या दोन नोंदींत, म्हणजे सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस यांत बसतो. बैलांना तपासायला आलेले पशुवैद्यक १५ व्या नोंदीत. इथपर्यंत सारे काही राज्याचे आहे आणि गावकऱ्यांचा प्रश्न बरोबर आहे.

अडचण बैलाच्या पाठीवर पडणाऱ्या चाबकापाशी सुरू होते. ‘प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध’ हा विषय समवर्ती सूचीत १७ व्या क्रमांकावर आहे आणि त्यावर संसदेने १९६० मध्येच कायदा करून ठेवला आहे. काही प्राण्यांचे प्रदर्शन करण्यास किंवा त्यांना खेळासाठी शिकवण्यास मनाई करण्याचा अधिकार त्या कायद्याने केंद्र सरकारला दिला आहे. अस्वल, माकड, वाघ यांची नावे त्या मनाईच्या यादीत आधीपासून होती; ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने त्यांत बैलाची भर पडली आणि घाटातले चित्र पालटले. गावात कोणी काही केले नव्हते, विधानसभेने काही ठरवले नव्हते, तरी एका केंद्रीय अधिसूचनेने शर्यत कायद्याच्या कचाट्यात आली, कारण सामाईक विहिरीवर थोरल्याची मोटार आधीच बसलेली होती.

‘आम्ही तर खेळाचा कायदा करतो, क्रूरतेचा नाही’ असे म्हणून सुटता येईल का? सहसा नाही. न्यायालय कायद्याचे नाव पाहत नाही, त्याचा गाभा पाहते; म्हणजे तो कायदा मुळात कशाविषयी आहे आणि त्याने कशावर परिणाम होतो, हे तपासते. गाभा ज्या नोंदीत बसेल ती नोंद खरी.

याचा एक नमुना २०२२ मध्येही दिसला. लम्पी चर्मरोग पसरला तेव्हा राज्य सरकारने जनावरांचे बाजार आणि शर्यती थांबवल्या. आदेश राज्याचा होता, पण तो देण्याचा अधिकार संसदेने २००९ मध्ये केलेल्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्यातून आला होता. कायदा एकाचा आणि अंमलबजावणी दुसऱ्याची, ही आपल्याकडची रोजची रीत आहे. आपल्याला तहसील कचेरीत, पोलीस ठाण्यात, दवाखान्यात भेटणारा माणूस बहुतेक वेळा राज्याचाच असतो. तो राबवत असलेला कायदा मात्र कोणाचाही असू शकतो.

विहिरीवर दोन मोटारी

समवर्ती विषयावर केंद्राचा आणि राज्याचा असे दोन कायदे आले आणि ते एकमेकांना छेद देऊ लागले, तर काय करायचे, हे २५४ वा अनुच्छेद सांगतो. नियम साधा आहे: केंद्राचा कायदा टिकतो आणि राज्याचा कायदा जेवढा त्याच्या विरोधात जातो तेवढा निष्प्रभ होतो. पण याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात एक दार ठेवलेले आहे. राज्याने केलेला कायदा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवला गेला आणि त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, तर त्या राज्यापुरता तोच चालतो. पुढे संसदेला वाटले तर ती नवा कायदा करून तोही बाजूला सारू शकते, हे खरे. तरी दार आहे.

दाराबाहेर राहिल्यास काय होते आणि आत गेल्यास काय होते, हे तमिळनाडूच्या जल्लिकट्टूने, म्हणजे उधळलेल्या बैलाला धरण्याच्या तिथल्या खेळाने, दाखवले. २००९ मध्ये त्या राज्याने जल्लिकट्टूचे नियमन करणारा कायदा केला, पण त्याला राष्ट्रपतींची संमती घेतलेली नव्हती. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो १९६० च्या केंद्रीय कायद्याशी विसंगत म्हणून रद्द ठरवला आणि त्याच निकालाने महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतीही बंद झाल्या. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर तरुणांचे मोठे आंदोलन झाले, त्यानंतर तमिळनाडूने केंद्रीय कायद्यातच आपल्या राज्यापुरती दुरुस्ती केली आणि या वेळी राष्ट्रपतींची संमती घेतली. महाराष्ट्राने त्याच वर्षी तीच वाट धरली. विधानमंडळाने एप्रिलमध्ये विधेयक मंजूर केले आणि जुलैमध्ये संमती मिळाली.

इथे एक शंका येते, कारण संमती मिळाल्यानंतरही ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना स्थगिती दिली. मग त्या संमतीचा उपयोग काय झाला? संमतीने दोन कायद्यांमधला संघर्ष तेवढा मिटतो. घटनेच्या बाकीच्या कसोट्या आणि मूळ कायद्याचा हेतू पाळला जातो की नाही हा प्रश्न शिल्लक राहतोच. तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह शर्यतींना वाट मोकळी झाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

राष्ट्रपतींची संमती म्हणजे प्रत्यक्षात काय, हेही समजून घेतले पाहिजे. राष्ट्रपती केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. विधेयक राज्यपालांमार्फत दिल्लीला जाते, गृह मंत्रालय संबंधित खात्यांची मते मागवते आणि मग निर्णय होतो. म्हणजे हे दार उघडणे न उघडणे केंद्र सरकारच्या हाती आहे आणि ते कधीपर्यंत उघडावे याची मुदत घटनेत लिहिलेली नाही. तमिळनाडूचेच दुसरे विधेयक पाहा. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेतून सूट मागणारे विधेयक त्या विधानसभेने २०२१ मध्ये मंजूर केले, परत आल्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये पुन्हा मंजूर केले, आणि राष्ट्रपतींनी संमती नाकारल्याचे एप्रिल २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी सभागृहात सांगितले. राज्य तेच, अनुच्छेद तोच. बैलांना काही दिवसांत दार उघडले आणि परीक्षेच्या विधेयकाला तीन-साडेतीन वर्षांनी नकार मिळाला. माझ्या मते संमती द्यावी की नाकारावी हा केंद्राचा अधिकार मान्य करूनही, लोकनियुक्त सभागृहाच्या विधेयकाला कारणांसह आणि ठरावीक मुदतीत उत्तर मिळायलाच हवे.

हे थोरलेपण आले कोठून?

‘ही तर राज्यांवर लादलेली व्यवस्था आहे’ असा एक सूर नेहमी ऐकू येतो. इतिहास थोडा निराळा आहे. तीन याद्यांची कल्पना इंग्रजांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यातली. १९४६ च्या कॅबिनेट मिशन योजनेत तर केंद्र अगदी दुबळे ठेवायचे होते. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच त्याच्याकडे, बाकी सगळे प्रांतांकडे. ती तडजोड देश एकसंध राहावा म्हणून होती. ३ जून १९४७ रोजी फाळणीची योजना जाहीर झाली आणि त्या तडजोडीचे कारणच उरले नाही. निर्वासितांचे लोंढे, धान्यटंचाई, विलीन व्हायची शेकडो संस्थाने, हे सारे समोर असताना पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बळकट केंद्राची शिफारस केली.

घटनेच्या पहिल्या अनुच्छेदात भारताला ‘राज्यांचा संघ’ म्हटले आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या शब्दाचा अर्थ उलगडला: हा संघ राज्यांनी आपसांत केलेल्या करारातून झालेला नाही आणि म्हणूनच कोणत्याही राज्याला त्यातून बाहेर पडण्याचा हक्क नाही. याची दुसरी बाजू आपण महाराष्ट्रीयांनी अनुभवलेली आहे. तिसऱ्या अनुच्छेदानुसार राज्य निर्माण करणे, त्याच्या सीमा बदलणे हे संसदेच्या हाती आहे; संबंधित विधानसभेचे मत विचारावे लागते, पण ते बंधनकारक नसते. संयुक्त महाराष्ट्रासाठी १०६ जण हुतात्मा झाले आणि त्या लढ्याला लोकांनी पाठबळ दिले, तरी १ मे १९६० चे राज्य शेवटी संसदेच्या कायद्यानेच अस्तित्वात आले. आंध्र प्रदेशाच्या विधानसभेने विरोधी ठराव केल्यावरही २०१४ मध्ये तेलंगण झाले, ते याच अनुच्छेदाच्या बळावर.

मात्र याद्या मनाला येईल तशा बदलता येत नाहीत. सातव्या अनुसूचीत फेरफार करायचा तर संसदेत विशेष बहुमत लागते आणि शिवाय निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची मान्यता लागते. तरीही आणीबाणीत १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने शिक्षण, वने, वजनमापे, वन्य प्राण्यांचे संरक्षण आणि खालच्या न्यायालयांची रचना हे पाच विषय राज्यसूचीतून उचलून समवर्ती सूचीत ठेवले गेले. आज ‘नीट’ असो की नवे शैक्षणिक धोरण असो, त्यावर राज्ये हरकत घेतात तेव्हा वादाचे एक मूळ त्या वर्षात असते.

शेती राज्याची, मग कांदा केंद्राच्या हातात कसा?

नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न पोटतिडकीने विचारला जातो. शेती राज्यसूचीत १४ व्या क्रमांकावर आहे, बाजार समित्या राज्याच्या कायद्याने चालतात, लासलगावचा लिलाव राज्याच्या नियमांनी होतो. पण कांदा जवाहरलाल नेहरू बंदरावरच्या कंटेनरमध्ये शिरला की तो परदेश व्यापार होतो, आणि आयात-निर्यात ही केंद्रसूचीतली ४१ वी नोंद आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांद्याची निर्यात थांबवली, ४ मे २०२४ रोजी टनामागे ५५० डॉलरचे किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून ती उघडली. या पाच महिन्यांत राज्य सरकारला विनंतीपलीकडे काही करता येत नव्हते. ज्या शेतकऱ्याच्या चाळीत कांदा सडत होता त्याला मंत्रालयावर मोर्चा नेऊन निर्यात उघडून मिळाली नसती. पाच महिने अशी झळ सोसणाऱ्याला ‘हा विषय आमचा नाही’ हे उत्तर जखमेवर मीठ चोळल्यासारखेच लागते, पण कायद्याने ते खरे असते.

२०२० च्या तीन कृषी कायद्यांचा वादही याच बांधावरचा होता. शेती आणि बाजार राज्यांचे असताना संसदेने बाजार समितीबाहेरच्या खरेदी-विक्रीचा कायदा केला, तो समवर्ती सूचीतल्या अन्नधान्य व्यापाराच्या ३३ व्या नोंदीचा आधार घेऊन. ती नोंद १९५४ च्या तिसऱ्या दुरुस्तीने विस्तारलेली होती. अधिकार खरोखर कोणाचा, याचा अंतिम निवाडा होण्याआधीच २०२१ च्या अखेरीस ते कायदे मागे घेतले गेले, त्यामुळे तो प्रश्न कायद्याच्या अंगाने अजून मोकळाच आहे.

बांधाची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. शेतीच्या उत्पन्नावर कर बसवण्याचा अधिकार राज्यसूचीत आहे, म्हणून केंद्राचा आयकर त्याला शिवू शकत नाही. वाटणी अशी दोन्ही बाजूंनी राखण करते.

गेलेला अधिकार परत येऊ शकतो का?

येऊ शकतो, आणि याचे उदाहरण मराठा आरक्षणाच्या खटल्यात आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये १०२ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि तिने ३४२-अ हा नवा अनुच्छेद घातला. त्यातल्या शब्दरचनेचा अर्थ काय, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींत मतभेद झाले. ५ मे २०२१ रोजी तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निर्णय आला की या दुरुस्तीनंतर सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग कोणते हे ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे राहिलेला नाही. राज्याचा कायदा पडण्यामागे ५० टक्क्यांची मर्यादा हेही मोठे कारण होते, ते विसरता कामा नये. पण अधिकाराच्या मुद्द्याने महाराष्ट्रच नव्हे तर सगळीच राज्ये हादरली, कारण सर्वांच्याच मागासवर्गाच्या याद्यांवर प्रश्नचिन्ह लागले. राज्यांचा अधिकार काढण्याचा आपला हेतू नव्हता असे केंद्राने न्यायालयातही सांगितले होते. शेवटी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १०५ वी दुरुस्ती झाली आणि तो अधिकार राज्यांना परत मिळाला. एका अनुच्छेदातल्या मोजक्या शब्दांनी हे सारे घडले.

तिजोरीची किल्ली

कायद्याच्या याद्यांत केंद्र थोरले आहे हे आपण पाहिले, परंतु खरा कल पैशात आहे. आयकर, कंपनीकर, सीमाशुल्क हे वाढते कर केंद्राकडे. जमीन महसूल, मुद्रांक शुल्क, मद्यावरचे उत्पादन शुल्क, वाहनकर, पेट्रोल-डिझेलवरचा विक्रीकर राज्यांकडे. उलट खर्चाची मोठी ओझी, म्हणजे पोलीस, दवाखाने, शाळा, पाटबंधारे, ही राज्यांच्या खांद्यावर. ही तफावत भरून काढण्यासाठी घटनेने २८० व्या अनुच्छेदाखाली दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमण्याची तजवीज केली आहे. केंद्राने गोळा केलेल्या करांतून राज्यांना किती द्यायचे आणि राज्याराज्यांत ते कसे वाटायचे, हे तो सुचवतो.

२०२१ ते २०२६ या काळासाठीच्या पंधराव्या आयोगाने राज्यांचा वाटा ४१ टक्के ठेवला. त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के, उत्तर प्रदेशाचा १७.९३९ टक्के आणि गोव्याचा ०.३८६ टक्के होता. वाटपाच्या निधीत १०० रुपये आले असे धरले, तर महाराष्ट्राला सुमारे २ रुपये ५९ पैसे, उत्तर प्रदेशाला ७ रुपये ३६ पैसे आणि गोव्याला १६ पैसे मिळाले.

‘देशात सर्वांत जास्त कर महाराष्ट्र भरतो, मग त्याला इतके कमी का?’ हा आक्षेप ऐकताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मुंबईत जमा होणारा सगळा कर महाराष्ट्रात कमावलेला नसतो. कंपनीचे मुख्यालय नरिमन पॉइंटला, कारखाना झारखंडात आणि गिऱ्हाईक देशभर, असे असले तरी कर मुंबईच्या खात्यावर दिसतो. दुसरे, वाटपाच्या सूत्रात ४५ टक्के भार राज्याचे दरडोई उत्पन्न किती मागे आहे याला होता. एकत्र कुटुंबात कमावत्या भावाच्या पैशातून शिकणाऱ्या भावाची फी जाते, तसे हे आहे आणि ते योग्यच आहे असे मला वाटते. ज्या राज्यांतली मुले आपल्याकडे कामाला येतात त्यांच्या शाळा सुधारणे आपल्याही हिताचे आहे.

माझा आक्षेप दुसरीकडे आहे. केंद्राने बसवलेले उपकर आणि अधिभार वाटपाच्या निधीत येतच नाहीत. विशिष्ट कामासाठी घेतला जातो तो उपकर आणि मूळ करावर वरून चढवला जातो तो अधिभार. या दोहोंचे उत्पन्न पूर्णपणे केंद्राचे असते. पेट्रोलवर केंद्र जे उत्पादन शुल्क घेते, त्यातला लिटरमागे सव्वा-दीड रुपयाच्या आसपासचा मूळ भाग तेवढा अलीकडच्या वर्षांत वाटणीला येत होता, बाकीचे उपकर आणि अधिभार. कागदावर ४१ टक्के असले तरी केंद्राच्या एकूण करउत्पन्नाशी ताडून पाहिल्यास राज्यांचा वाटा त्याहून कमी भरतो, याचे कारण हेच. नियमात बसणारी असली तरी ही रीत वाटणीच्या मूळ हेतूला धरून नाही.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, आला आणि राज्यांनी विक्रीकराचा मोठा भाग, तर मुंबई महापालिकेने जकात सोडली. त्या बदल्यात दर ठरवण्यासाठी जीएसटी परिषद आली, जिथे केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश आणि सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश आहे. निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. हिशेब करून पाहा: सगळी राज्ये एक झाली तरी केंद्राशिवाय ठराव होत नाही. उलट केंद्राचा ठराव रोखायचा तर उपस्थित राज्यांपैकी तीन अष्टमांशांहून जास्त राज्यांनी एकत्र यावे लागते. या परिषदेत महाराष्ट्राचे मत आणि गोव्याचे मत सारख्याच वजनाचे आहे. परिषदेच्या शिफारशी केंद्र वा राज्य कोणावरही आपोआप बंधनकारक नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये म्हटले, पण व्यवहारात वेगळी वाट धरणे कोणत्याही राज्याला परवडणारे नाही. पेट्रोल आणि डिझेल अजून जीएसटीबाहेर आहे, त्याचे कारण हेच: दोन्ही सरकारांच्या हाती स्वतंत्रपणे दर बदलण्याजोगे जे थोडे कर उरले आहेत, त्यांत ते सर्वांत मोठे आहे.

केंद्राला वाटेल तेव्हा राज्य सरकार घालवता येते का?

एके काळी जवळजवळ तसेच होते. ३५६ व्या अनुच्छेदाचा, म्हणजे राष्ट्रपती राजवटीचा, वापर विरोधी पक्षांची सरकारे घालवण्यासाठी सर्रास झाला. १९९४ च्या बोम्मई खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने त्याला लगाम घातला: बहुमत आहे की नाही हे सभागृहातच ठरावे, राष्ट्रपती राजवटीचा निर्णय न्यायालयाला तपासता येतो आणि संघराज्याची रचना हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे. महाराष्ट्रात आजवर तीनदा, १९८०, २०१४ आणि २०१९ मध्ये, अशी राजवट आली. त्यांतल्या १९८० च्या वेळी बोम्मई निकाल अस्तित्वात नव्हता, हे त्या वर्षीच्या घटना वाचताना लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कोणाच्या दारात जायचे?

एवढ्या गुंत्याचा एक तोटा सामान्य माणसाला रोज भोगावा लागतो. रेशनच्या धान्यात खडे आले की राज्य केंद्राकडे बोट दाखवते, केंद्र राज्याकडे. प्रत्यक्षात धान्य खरेदी करून राज्यातल्या ठरवून दिलेल्या गोदामापर्यंत देणे हे केंद्राचे काम आणि तिथून दुकानापर्यंत पोचवणे, दुकानदाराचा परवाना आणि तक्रार निवारण हे राज्याचे. म्हणून खडे कोठे मिसळले गेले हे शोधल्याशिवाय जाब कोणाला विचारायचा ते ठरत नाही. दवाखान्यात डॉक्टर नाही, ठाण्यात तक्रार घेत नाहीत, सातबाऱ्यावर वारसाची नोंद होत नाही; या तीनही ठिकाणी मात्र दिल्लीचे नाव सांगणाऱ्याला तिथेच थांबवावे, कारण माणसे नेमण्यापासून नोंद करण्यापर्यंतची ती सगळी कामे राज्याची आहेत.

यंदाच्या यात्रेत घाटाच्या तोंडाशी, पंचांच्या मांडवाच्या खांबाला जिल्हाधिकाऱ्यांचा परवानगीचा आदेश चिकटवलेला असेल, त्याशेजारी पशुवैद्यकांची प्रमाणपत्रे असतील. गाडामालकांची झुंबड असली तरी तो कागद जरा थांबून वाचावा. त्यात संदर्भ दिलेला असतो संसदेच्या १९६० च्या कायद्याचा, महाराष्ट्राने त्यात केलेल्या आणि राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या दुरुस्तीचा, तिच्याखाली राज्याने केलेल्या २०१७ च्या नियमांचा आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाचा. खाली सही असते ती जिल्हाधिकाऱ्यांची, आणि जिल्हाधिकारी बहुधा अखिल भारतीय सेवेतले, म्हणजे निवड आणि नेमणूक केंद्राची, पगार आणि बदली राज्याची. तेवढ्यात भोंगा वाजतो आणि पुढची बारी सुटते.